दप्तराचा राखणदार

जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांनी गोमंतकाची झोप उडविली त्यास आता काही वर्षे लोटली. 2022 च्या जून महिन्यात राज्य शासनाने या प्रकरणांच्या तपासासाठी पोलिसांचे विशेष पथक नेमले. मागाहून निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्य आयोग बसला आणि 2023 मध्ये त्यांनी आपला अहवाल शासनाच्या हाती दिला. खटल्यांचा निवाडा न्यायालये यथाकाल करतील. कोणाला दोषी ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु तपासातून जी कार्यपद्धती उजेडात आली तिचा विचार करण्यास निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. मालक परदेशी आहे, किंवा मरून गेला आहे आणि वारस ठाऊक नाहीत, अशी जमीन हेरावयाची. पोर्तुगीज अमदानीतील तारीख घालून खरेदीखत तयार करावयाचे. ते जुन्या पुस्तकांत बेमालूम घुसवावयाचे. आणि मग त्याच पुस्तकावरून शासनाच्या शिक्क्याची प्रमाणित नक्कल रीतसर मागून घ्यावयाची. पुढचे सारे काम ती नक्कल करते. या प्रकरणांत पुराभिलेख खात्यातील कर्मचाऱ्यांनाही अटक झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. आम्हांस धक्क्यापेक्षा खेद अधिक झाला. कारण खोटे कागद करणारे प्रत्येक काळात असतात. खोटा कागद खऱ्यांच्या पंगतीत बसू शकतो तो पंगतीवर नजर ठेवणारे कोणी उरले नसेल तेव्हा.

आपल्याकडे गावागावांच्या सीमेवर राखणदार आहे. रात्री हातात दांडा घेऊन तो शीव फिरतो, परक्याला अडवितो, वाट चुकलेल्याला घरी पोचवितो, अशी श्रद्धा आहे आणि वर्षाकाठी त्याचा मान त्याला पोचतो. या राखणदाराचे एक वैशिष्ट्य असे की त्याची बदली होत नाही. तो त्याच गावचा, त्याच शिवेचा, पिढ्यानपिढ्या. शासनाच्या दप्तरालाही असाच राखणदार लागतो, आणि तसा तो या भूमीला पूर्वी लाभला होता.

गोव्याचे दप्तर 1595 साली स्थापन झाले. पोर्तुगालच्या गादीवर त्या वेळी स्पेनचा राजा दुसरा फिलिप होता आणि त्याच्या आज्ञेने दियोगो दो कौतो हा या दप्तराचा पहिला प्रमुख रक्षक झाला. कौतो मुळात शिपाईगडी, पुढे इतिहासकार. 1616 मध्ये गोव्यातच त्याचा अंत झाला तोपर्यंत, म्हणजे तब्बल 21 वर्षे, हे काम त्याच्याकडे होते. दैवाची थट्टा अशी की सरकारी कागद सांभाळणाऱ्या या गृहस्थाच्या स्वतःच्या इतिहासाच्या दोन भागांची हस्तलिखिते तो आजारी असताना चोरीस गेली आणि त्याला ती आठवणीने संक्षेपात पुन्हा लिहावी लागली. कागदाची चोरी हा गोव्यात काही नवा उद्योग नव्हे!

कौतोनंतर तीन शतकांहून अधिक काळाने याच दप्तराला दुसरा तसाच राखणदार मिळाला, तो सत्तरीतील पिसुर्ले गावचा. डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांचा जन्म 1894 चा. 1930 च्या सुमारास ते गोव्याच्या ऐतिहासिक दप्तराचे प्रमुख झाले आणि 1961 पर्यंत, म्हणजे सुमारे तीन दशके, त्याच खुर्चीवर राहिले. त्यांचे नाव आज इतिहास संशोधक म्हणून घेतले जाते आणि ते रास्तच आहे. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा ग्रंथ 1967 मध्ये पुणे विद्यापीठाने मराठीत प्रसिद्ध केला, आणि मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास त्यास वगळून होऊ शकत नाही. सर जदुनाथ सरकारांसारखा कठोर परीक्षक गोव्याच्या कागदांसाठी पिसुर्लेकरांवर विसंबत असे. परंतु संशोधकाच्या कीर्तीखाली त्यांचे दुसरे, आमच्या मते अधिक मोलाचे, काम झाकून गेले आहे. ते काम दप्तरदाराचे.

एक माणूस तीस वर्षे एकाच दप्तरात बसतो म्हणजे काय घडते, याची कल्पना बाहेरच्यास येत नाही. पोर्तुगीज राज्यमंडळाच्या सतराव्या-अठराव्या शतकांतील ठरावांचे पाच खंड पिसुर्लेकरांनी 1953 ते 1957 या काळात संपादून छापले. बार्देशातील बस्तोडे येथील रांजेल छापखान्यातून ते निघाले. वाकड्यातिकड्या वळणाच्या, शब्द तोडून लिहिलेल्या, शाईने मागची बाजूही खाल्लेल्या पानांचे ते वाचन आहे. असे वाचन ज्याने वर्षानुवर्षे केले त्याच्या डोळ्यांत प्रत्येक कारकुनाचे वळण बसते. अमुक काळात कागद कोणत्या जातीचा येई, त्यातील जलचिन्ह कोणते, कोणता नोटरी सही कशी लफ्फेदार करी, कोणत्या पुस्तकाची पाने मागे कधी नव्याने बांधली गेली, हे त्याला विचारावे लागत नाही. अशा माणसासमोर काल लिहिलेले 1930 सालचे खरेदीखत ठेवून पाहावे. पान उलटताच त्याचे बोट थांबेल.

या ज्ञानाला पदवी नाही. ते परीक्षेत उतरत नाही आणि निवृत्तीच्या दिवशी, हार-तुऱ्यांबरोबर, घरी निघून जाते. म्हणून दप्तरातील दीर्घ सेवा ही शासनाची मालमत्ता मानली पाहिजे. आपल्याकडे मात्र दप्तरखाना ही शिक्षेची जागा मानली जाते. ज्याचे वरिष्ठांशी पटत नाही, ज्याला दुसरीकडे कोठे बसवावे हे कळत नाही, त्याला जुन्या कागदांत पाठवावयाचे. आणि त्यानेही पहिल्या दिवसापासून तेथून सुटण्याच्या खटपटीस लागावयाचे. दमट हवा, कसर, वाळवी आणि शिंका यांच्या सहवासात स्वखुशीने आयुष्य काढणारा कोणी निघालाच तर त्याला बढती कोठे? वर जाण्यासाठी त्यास ते खातेच सोडावे लागते.

आता येथे एक आक्षेप येईल, आणि तो खोडसाळ नाही. बदल्या असतात त्या लोकांनी एका जागी मुळे धरू नयेत म्हणून. तीस वर्षे किल्ल्या एकाच्या कनवटीला राहिल्या तर दप्तर त्याच्या बापजाद्यांचे होऊन बसते, हवी ती फाईल हव्या त्याला मिळते आणि नको ती हरवते. असे दप्तरदार आपण साऱ्यांनी पाहिले आहेत. चहापाण्याशिवाय ज्यांना एकही पुस्तक सापडत नाही ते हेच. ज्यांना अटक झाली तेही परके नव्हते, आतलेच होते, असे कोणी म्हटले तर त्यास उत्तर काय?

उत्तर पिसुर्लेकरांनीच देऊन ठेवले आहे. 1955 साली त्यांनी पोर्तुगीज हिंदुस्थानातील दप्तरांचा मार्गदर्शक ग्रंथ छापून काढला. कोणत्या मालिकेत काय आहे, पुस्तके किती, कोणत्या वर्षांची, याची वर्णनासह सूची जगासमोर ठेवली. ज्या वर्षी 15 ऑगस्टला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच वर्षीचे हे पुस्तक आहे. त्या राजवटीची चाकरी करणाऱ्या विद्वानाविषयी, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांच्या मनात कधी किंतु आला असेल तर तो समजण्यासारखा आहे. पण कागदांच्या बाबतीत या गृहस्थाने धन्याची नव्हे, कागदाची चाकरी केली. पोर्तुगीजांच्या वकिलातीचे काम करणाऱ्या हिंदू, मुसलमान, यहुदी व पारशी मुत्सद्द्यांवर त्यांनी 1952 मध्ये ग्रंथ लिहिला. शिवछत्रपतींच्या बार्देशवरील स्वारीनंतर 1667 मध्ये झालेल्या तहाच्या वाटाघाटीसाठी पोर्तुगीजांना रामाजी शेणवी कोठारी यांनाच पाठवावे लागले, हे राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या कागदांवरून सिद्ध होते. सांगण्याचा मुद्दा असा की छापील सूची हे दप्तराचे खरे कुलूप आहे. काय आहे हे सर्वांस ठाऊक झाले की काढणे कठीण होते आणि घालणे त्याहून कठीण. किल्ली एकाच्या हाती, पण यादी सर्वांच्या हाती, ही व्यवस्था असेल तर दीर्घ सेवेचे भय बाळगण्याचे कारण उरत नाही.

सूचीपूर्वीच्या काळात काय होत असे त्याची उदाहरणे याच दप्तराच्या इतिहासात आहेत. मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या गलबतांतून लिस्बनशी होणारा पत्रव्यवहार ज्यांत बांधला आहे त्या मोसमांच्या पुस्तकांपैकी 62 पुस्तके अठराव्या शतकात लिस्बनला नेण्यात आली, ती परतली नाहीत. तीही निदान शिल्लक आहेत. इन्क्विझिशनच्या कागदांचे काय झाले? 1560 मध्ये गोव्यात बसलेले ते न्यायासन, मधला थोडा काळ सोडता, 1812 पर्यंत चालले, आणि ते उठले तेव्हा त्याच्या खटल्यांचे ढीगच्या ढीग कागद आगीत गेले. आमच्या पूर्वजांपैकी कोणास का धरले, कोणी कोणाविरुद्ध साक्ष दिली, कोणाची काय मालमत्ता गेली, याचा तपशील त्या ज्वाळांत संपला. जुलमाच्या स्मृती पुसाव्यात असे कोणास वाटले असेल, किंवा साक्षीदारांची नावे झाकावयाची असतील. कारण कोणतेही असो, नुकसान जुलूम झालेल्यांचेच झाले.

याच्या उलट उदाहरण पाहा. देवळे पाडल्यावर त्यांच्या जमिनी महसुलासाठी नोंदून ठेवणे राज्यकर्त्यांना भाग पडले. 1567 च्या सुमाराची ती फोराल-पुस्तके कर गोळा करणाऱ्यांनी कराच्या लोभाने लिहिली. पण आज तिसवाडी, बार्देश आणि साष्टी येथे कोणत्या गावी कोणकोणती देवळे होती, कोणता देव पालखीत बसून नदीपलीकडे अंत्रूजला गेला, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा तोच आहे. त्यांच्या आधारे रुई गोमिश पेरैरा या गोमंतकीय ख्रिस्ती लेखकाने देवळे व देवतांवर लिहिलेले पुस्तक 1978 मध्ये इंग्रजीत आले, आणि आज अनेक महाजन आपल्या कुलदैवताचे मूळ गाव त्यात शोधतात. लिहिणाऱ्याचा हेतू काय होता याला चारशे वर्षांनंतर महत्त्व उरत नाही. पान राहिले की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

आणि हा प्रश्न केवळ इतिहासप्रेमींचा आहे असे कोणी समजू नये. गोव्यातील सामान्य माणसाचा जुन्या पुस्तकांशी जेवढा संबंध येतो तेवढा देशात क्वचितच कोठे येत असेल. घराची जमीन आपली असल्याचे सिद्ध करावयाचे तर पोर्तुगीज काळातील नोंदणीची पुस्तके, मात्रिज आणि नोटरीची खाती काढावी लागतात. कोमुनिदादीचा गांवकार, देवळाचा महाजन, मुंडकार म्हणून घराखालची जागा मागणारा कष्टकरी, या सर्वांचे भांडण शेवटी कोणत्या तरी जुन्या पानावर येऊन ठेपते. 1914 पासून सर्व धर्मीयांच्या जन्ममृत्यूंची नागरी नोंद येथे होऊ लागली. 19 डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेल्या आजोबांची तीच नोंद शोधण्यासाठी आज नातवंडे खेटे घालतात, कारण तिच्या बळावर लिस्बनचे नागरिकत्व मागता येते. या स्थलांतराविषयी आम्हांस जे वाटते ते वेगळ्या प्रसंगी लिहू. येथे एवढेच नोंदवितो की ज्या पानाला बाजारभाव आला त्या पानाची राखण दुप्पट हवी.

शेजारच्या महाराष्ट्रातही हेच घडले आहे. 2023 मध्ये मराठा आरक्षणाचे आंदोलन तापले तेव्हा कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमावी लागली. तालुक्या-तालुक्यांच्या कचेऱ्यांतील रुमाल सोडण्यात आले, निजामी अमदानीच्या कागदांसाठी हैदराबादेकडे माणसे गेली, आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे शासनाने सांगितले. त्या वेळी जाणवले की अनेक नोंदी मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. ज्या लिपीत मराठी राज्याचा आणि त्यानंतरही शंभर वर्षे गावगाड्याचा कारभार चालला ती वाचणाऱ्याला शासनाने नोकरीत जागा ठेवली नव्हती. आंदोलन रस्त्यावर आले तेव्हा त्याचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या प्रश्नात आम्ही येथे शिरत नाही. पण एवढ्या मोठ्या लोकसमूहाचे भवितव्य कोणा अज्ञात कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका शब्दावर लोंबकळावे, आणि तो शब्द वाचणारा मिळू नये, ही शासनव्यवस्थेची केवढी शोभा!

आमच्या दप्तरात तर अडचण तिहेरी आहे. पोर्तुगीज आहे, मोडी आहे, आणि जुन्या गावसंस्थांच्या काही कागदांत गोंयकानडी, म्हणजे कंदवी, हीही आहे. पोर्तुगीज शिकलेले तरुण आजही आहेत. विद्यापीठात त्या भाषेचा विभाग आहे. पण आजचे छापील पोर्तुगीज वाचता येणे वेगळे आणि सतराव्या शतकातील लेखकूचे हस्ताक्षर उलगडणे वेगळे. ते कोणा जाणत्याच्या शेजारी बसून, एकेक पान वाचून येते; त्यास पाच-सात वर्षे लागतात, आणि शेजारी बसण्यास जाणता तेथे असावा लागतो. जाणता निवृत्त झाल्यावर त्याच्या जागेची जाहिरात दोन वर्षांनी काढली तर मधला दुवा तुटतो. तुटलेला दुवा पैसे टाकून विकत मिळत नाही.

सर्व पुस्तकांची छायाचित्रे काढून संगणकात घातली की काम झाले, असे सांगणारा एक वर्ग आहे. छायाचित्रे अवश्य काढावीत. 1950 च्या दशकात पोर्तुगीजांनीही येथल्या कागदांच्या सूक्ष्मपट्ट्या काढून लिस्बनला नेल्या होत्या, आणि आज संशयित पानाची जुन्या प्रतीशी तुलना करण्यास अशा नकला कामी येऊ शकतात. परंतु यंत्र समोर येईल ते टिपते. खोटे पान आधीच शिवले गेले असेल तर यंत्र त्याचे अतिशय सुबक छायाचित्र काढील, आणि उद्या तेच पुरावा म्हणून पुढे येईल. छायाचित्रे काढण्यापूर्वी पुस्तक पानागणिक तपासणारा माणूस हवा. तो नसेल तर संगणकीकरण म्हणजे खोट्याला चिरंजीव करणे होय.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. केंद्राने 1993 मध्ये सार्वजनिक अभिलेखांचा कायदा केला. प्रत्येक खात्याने अभिलेख अधिकारी नेमावा, पंचवीस वर्षांहून जुने कागद तपासल्याशिवाय नष्ट करू नयेत, नियमबाह्य नाश करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल, असे त्यात आहे. 1892 पूर्वीचा कागद, तो वापरण्याजोगा उरलाच नसेल तेवढा अपवाद सोडता, नष्ट करण्यास त्यात मनाई आहे. पण हा कायदा केंद्र शासन आणि केंद्रशासित प्रदेश यांच्यापुरता आहे. गोवा 1987 मध्ये राज्य झाले, तेव्हा राज्याच्या दप्तरांची चिंता राज्यानेच वाहावयाची आहे. महाराष्ट्राने 2005 मध्ये आपला स्वतंत्र कायदा केला. त्याने तेथील मोडी वाचकांची टंचाई हटली नाही, हे आपण पाहिलेच. कलमांना हातपाय माणसांचे लागतात.

म्हणून आमचे मागणे कायद्यापेक्षा साधे आहे. पुराभिलेख खात्यात अशी एक स्वतंत्र श्रेणी निर्माण करावी की जिच्यात उमेदवारीने शिरलेला तरुण खाते न सोडता सर्वोच्च पदापर्यंत जाऊ शकेल. पोर्तुगीज हस्ताक्षर, मोडी आणि कंदवी यांपैकी निदान एकाचे वाचन त्याला आले पाहिजे आणि त्याबद्दल वेतनात वेगळा मोबदला मिळाला पाहिजे. निवृत्त होणाऱ्या जाणत्यांना मानधनावर, शिकविण्यापुरते, थांबवून घ्यावे. कोणते पुस्तक कोणाच्या हाती कोणत्या दिवशी गेले याची नोंदवही प्रत्येक संध्याकाळी दोन सह्यांनी बंद व्हावी. आणि जमिनींशी संबंधित प्रत्येक पुस्तकाची पृष्ठसंख्या, कोरी पाने व फाटलेली पाने यांसह, छापून प्रसिद्ध करावी, म्हणजे उद्या 212 पानांच्या पुस्तकात 213 वे पान निघाले तर शाळकरी मुलासही कळेल. पिसुर्लेकरांनी मालिकांपर्यंत आणून सोडलेले काम पानांपर्यंत न्यावयाचे, एवढेच हे आहे.

खर्चाचा प्रश्न कोणी काढील. एका बळकावलेल्या भूखंडाची किनारपट्टीवरील आजची किंमत आणि वीस अभिलेखपालांचा वर्षाचा पगार यांचा हिशेब वित्तखात्याने एकदा मांडून पाहावा. पिसुर्लेकर 1969 मध्ये वारले. त्यांचा ग्रंथसंग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात नीट ठेवलेला आहे. ते ज्या खुर्चीवर बसत त्या खुर्चीचा वारसा चालविणारी माणसे नेमण्यासाठी पुढील अर्थसंकल्पात किती जागा धरल्या जातात, ते आम्ही आकड्यासह या स्तंभातून वाचकांस कळवू.